फ्रीट दोनदा का तळतात?

बेल्जियममधल्या ब्रसेल्स, गेंट किंवा अँटवर्पला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात जेवणाबद्दल एक कल्पना असते. शेजारी फ्रान्स, म्हणजे काहीतरी नाजूक, नटवे ताटात पडणार. प्रत्यक्षात पुढ्यात येतो बटाटा. कागदाच्या पुडीत, वर मेयोनेजचा भला थोरला गोळा आणि त्यात खोचलेला इवलासा काटा. हा बटाटा म्हणजे 'फ्रीट', आणि तो विकणारी टपरी म्हणजे 'फ्रीटकॉट'.

इथल्या पारंपरिक स्वयंपाकातला माल तसा साधाच. बटाटा, गहू, बीटाची साखर, मांस, बिअर, एखादी कडवट भाजी. दालचिनी-लवंग ठळकपणे जाणवते ती स्पेक्युलूस नावाच्या बिस्किटात. अशा मालातून चव काढायची तर तापमानावर हुकमत हवी. किती अंशांवर, किती वेळ आणि मध्ये कधी थांबायचे, यावरच सगळा खेळ.

फ्रीटचेच पाहा. बटाट्याचे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे आधी सुमारे १५० अंश सेल्सिअसला पाच-सहा मिनिटे तळतात. मग बाहेर काढून निवू देतात. गिऱ्हाईक आले की पुन्हा १८० अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटे. पहिल्या तळणीत बटाटा फक्त शिजतो. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान त्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि आतला गर मऊ, पिठूळ होतो. रंग जवळजवळ येतच नाही. निवताना पृष्ठभागावरची वाफ उडून जाते आणि तिथला स्टार्च घट्ट होऊ लागतो. दुसऱ्या तळणीत हा थर पार कोरडा पडतो, आणि तो कोरडा पडल्याशिवाय खमंगपणा येत नाही. कारण अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया सोनेरी रंग आणि तळणीचा वास देते, ती मेयार अभिक्रिया, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर रंगात येते. जिथे पाणी शिल्लक आहे तिथे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही. म्हणून वर कडक कवच आणि आत लुसलुशीत गर ही जोडी जमते. थेट १८० अंशांत सोडला तर आत शिजण्याआधीच बाहेर करपतो. नुसत्या १५० वर ठेवला तर फिका आणि चिवट राहतो.

टपरीवाला जाळी तेलातून वर काढताच जोरात झटकतो, तिकडे लक्ष द्या. तळण चालू असते तेव्हा बटाट्यातून वाफ बाहेर उसळत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. खरे तेल मुरते ते बाहेर काढल्यावर. तुकडा गार होऊ लागला की आतली वाफ थिजून पाणी होते, दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. त्याआधीच्या काही सेकंदांत जितके झटकले जाईल तितका फ्रीट कमी तेलकट.

आता आपल्याकडच्या अनेकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. हे तळण परंपरेने गाय-बैलाच्या चरबीत होते. ती संपृक्त असल्याने तापवताना लवकर खराब होत नाही, आणि अस्सल फ्रीटची म्हणून जी चव सांगतात त्यात तिचा वाटा मोठा. आज कित्येक ठिकाणी वनस्पती तेल वापरतात, पण पाटीवर तसे लिहिलेले असेलच असे नाही. शाकाहारी असाल किंवा गोमांस खात नसाल तर आधी विचारावे. शिवाय तेल वनस्पतीचे असले तरी त्याच कढईत मांसाचे प्रकार तळतात का, हेही विचारावे. विचारण्यात संकोच नको. तिथल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही.

बटाट्याची नामांकित जात बिंत्ये. ती बेल्जियमची नव्हे, शेजारच्या नेदरलँड्सची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका शाळामास्तरांनी ती तयार केली आणि एका विद्यार्थिनीचे नाव तिला दिले. तिच्यात स्टार्च भरपूर, म्हणून गर पिठूळ होतो. बटाटे फार थंड जागी ठेवत नाहीत, त्यालाही कारण आहे. सहा-आठ अंशांखाली बटाटा स्टार्चची साखर करू लागतो; फ्रिजमध्ये राहिलेला बटाटा गोडसर लागतो तो त्यामुळेच. असा बटाटा तळला की चटकन काळपट होतो आणि त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे नको असलेले रसायन जास्त तयार होते. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते असते हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. पुढे २०१७ मध्ये युरोपीय संघाने ते कमी करण्यासाठी नियम आखायला घेतले, तेव्हा बटाटे आधी गरम पाण्यातून काढण्याच्या सूचनेवरून बेल्जियममध्ये मोठी ओरड झाली. देशाच्या डच भाषक भागाच्या, म्हणजे फ्लेमिश, सरकारच्या पर्यटनमंत्र्यांनी थेट संघाच्या ब्रसेल्समधल्या आयोगाला पत्र लिहिले. बटाट्यासाठी मंत्र्याने लेखणी उचलावी असा हा देश.

फ्रीटबरोबर हमखास येणारा पदार्थ म्हणजे स्टोफव्लेस: गोमांसाचे तुकडे गडद बिअरमध्ये तासन्‌तास मंद रटरटवलेले. ज्या भागात चिवट पांढरे तंतू जास्त, तोच भाग मुद्दाम निवडतात. त्या तंतूंमधले कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. घाई करून आच वाढवली तर मांसाचे तंतू आक्रसून कोरडे पडतात. वर मोहरीची पेस्ट फासलेला पावाचा तुकडा ठेवतात. तो विरघळून रश्शाला आणखी दाटपणा आणतो.

शाकाहारी माणसाने विटलोफ मागवून पाहावे, मात्र हॅम वगळून. बोटभर लांबीचा, पिवळसर पांढरा, मिटलेल्या पानांचा हा कोंब चिकोरीच्या मुळाला फुटतो. होय, तीच चिकोरी, जिची पूड आपल्या फिल्टर कॉफीत मिसळतात. मुळे शेतातून उपटून अंधारात ठेवायची आणि तिथे कोंब फुटू द्यायचा, ही युक्ती एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्स परिसरात रुजली. उजेड नसल्याने पानांत हरितद्रव्य तयार होत नाही, आणि लॅक्टुसिनसारखी कडू द्रव्येही आटोक्यात राहतात. उजेडात राहिलेले विटलोफ हिरवे आणि अधिक कडू होते, म्हणून दुकानात ते झाकून ठेवलेले दिसते. तरी थोडा कडवटपणा उरतोच. कारले आवडीने खाणाऱ्यांना तो मुळीच जड जाणार नाही.

बिअर न पिणाऱ्यांनीही पाहावी अशी एक जागा आहे: ब्रसेल्सच्या आंदेरलेक्त भागातली कांतियों ब्रुअरी. १९०० साली सुरू झालेली. इथे लांबिक नावाची बिअर बनते. एरवी बिअरमध्ये प्रयोगशाळेत सांभाळलेले यीस्ट मोजून घालतात. इथे काहीच घालत नाहीत. इडलीचे पीठ जसे विरजण न घालता आपसूक आंबते, तशीच ही बिअर. सातू आणि न मोडवलेला गहू यांचा उकळता गोड काढा छताखालच्या तांब्याच्या उथळ, रुंद टाकीत ओततात आणि रात्रभर उघडा सोडतात. सकाळपर्यंत तो वीस अंशांच्या आसपास येतो आणि तोवर त्यात सूक्ष्मजीव उतरलेले असतात. मग तो लाकडी पिंपांत भरतात. हे सूक्ष्मजीव नुसते हवेतून येत नाहीत. पिंपांच्या लाकडातही ते वर्षानुवर्षे वस्ती करून असतात.

पुढे त्यांची पाळी ठरलेली. आधी आतड्यांतल्या जिवाणूंचे भाईबंद, मग मद्य तयार करणारे नेहमीचे यीस्ट, त्यानंतर आंबटपणा आणणारे पेडिओकॉकस जिवाणू, आणि शेवटी ब्रेटानोमायसिस. ब्रसेल्स शहराचे नाव या यीस्टच्या एका जातीला कायमचे चिकटले आहे: ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. वाइन बनवणारा याचे नाव काढले तरी धास्तावतो, कारण ते पेयाला तबेल्याचा, घोड्याच्या घोंगडीचा वास देते. लांबिकवाले तोच वास जपतात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लांबिकची मिसळण करून बाटलीत पुन्हा फसफसू दिली की गूझ होते. कोळ्यांची जाळी इथे झाडत नाहीत, कारण पिंपांवर घोंघावणाऱ्या फळमाश्या कोळी खातात. पहिला घोट घेताना नेहमीच्या बिअरची अपेक्षा धरू नका, दात आंबतील.

हे सगळे थंड रात्रींवर अवलंबून आहे. रात्र उबदार असली तर काढा हळू निवतो आणि नको ते जिवाणू आधी माजतात. म्हणून हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या की ठरलेले काम थांबवावे लागले. हवामान बदलावर तोडगा म्हणून काढा यंत्राने गार करता येईल, पण मग ती लांबिक राहील का, यावर तिथे वाद होऊ शकतो. माझे मत विचाराल तर राहणार नाही.

वॉफलविषयी एवढेच: दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. ब्रसेल्सचे पातळ पिठाचे, हलके, आयताकृती. लिएजचे मळलेल्या घट्ट पिठाचे, वेड्यावाकड्या कडांचे, आत साखरेचे टपोरे खडे. पिठात पाणी कमी असल्याने खडे विरघळत नाहीत. तापल्या लोखंडाला टेकलेले खडे वितळून कडेला कॅरॅमल होतात. त्यावर क्रीम, स्ट्रॉबेरी, चॉकलेट यांचा डोंगर रचतात तो पर्यटकांसाठी. लिएजचे वॉफल गरम, कोरडे आणि हातात धरूनच खावे.

राहिले चॉकलेट. आत सारण भरलेल्या प्रालीनची सुरुवात नॉयहाउस यांनी १९१२ मध्ये ब्रसेल्समध्ये केली. तिचे बाहेरचे कवच चकचकीत असते आणि चावताना 'टक्' वाजते, कारण कोको बटर सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि त्यातले पाचवेच रूप घट्ट, तुकतुकीत असते. ते मिळवायला चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७ च्या आसपास उतरवून, पुन्हा ३१-३२ वर आणतात. हे रूप सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणून जिभेवर ठेवताच विरते. मे महिन्यातल्या मुंबईच्या टॅक्सीतही ते विरते. पुन्हा गोठताना स्फटिक हवे तसे जमत नाहीत आणि वर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नसते, फक्त जागा बदललेली चरबी असते. सारण क्रीमचे असेल तर मात्र ते काही आठवड्यांतच संपवावे लागते. म्हणून प्रालीन घ्यायची तर परतीच्या आदल्या दिवशी, आणि विमानात सामानाबरोबर न पाठवता हातातल्या पिशवीत. नुसत्या साय धरलेल्या, बिनसारणाच्या वड्या बिनदिक्कत दुधात उकळून प्याव्यात. वितळल्यावर त्यांच्यात आणि चकचकीत वड्यांत काही फरक उरत नाही.