टास्मानियाचे आदिवासी संपलेले नाहीत

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावरची ‘शेवटची’ आदिवासी म्हणून ट्रुगानिनी या बाईचं नाव घेतलं जातं. ‘ट्रुगानिनी १८७६ साली वारली आणि टास्मानियाचे आदिवासी संपले’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खोटं आहे. ब्रिटिशांनी संहार केला, उरलेल्यांना जवळच्या फ्लिंडर्स बेटावर नेऊन टाकलं, हे खरंच. पण फॅनी कोक्रेन स्मिथ ही तिथलीच आदिवासी बाई १९०५पर्यंत हयात होती. १८९९ आणि १९०३ मध्ये तिने आपल्या भाषेतली गाणी गाऊन मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवली. तो खरखरता आवाज आजही ऐकता येतो. तिचे वंशज आहेत. बायका आजही किनाऱ्यावर चिमुकले शंख वेचून माळा ओवतात.

माणसंच ‘संपली’ म्हटलं की त्यांच्या जमिनीचा प्रश्नही मिटतो, म्हणून ही थाप टिकली. ट्रुगानिनीचा सांगाडा १९४७पर्यंत संग्रहालयात मांडलेला होता. तिच्या इच्छेप्रमाणे राख समुद्रात सोडायला १९७६ उजाडलं.