खजिना मिळाला, पण खर्चायचा कुठे?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा साहसकथेचा खेळ. त्यात हाती लागलेल्या नाण्यांचा हिशेब कुणी ठेवायचा, यावरून बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या टेबलावर दर मोहिमेत कुरबूर होते. दोनशे सुवर्णनाणी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, चढतात आणि तिथेच पडून राहतात. मुळात हा खेळ असा नव्हता.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आलं. त्यात राक्षस मारण्यापेक्षा खजिना आणण्यातून जास्त पदरात पडे. भुयारातून सुखरूप बाहेर काढलेल्या एका सुवर्णनाण्यामागे एक एक्सपी (अनुभवाचा गुण; ते साठले की पात्र वरच्या पातळीवर जातं), ही खरी कमाई. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा आणि पोतं भरायचा. ते पोतं वाहून आणणंही सोपं नव्हतं. खेळाच्या पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत दहा नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे एक नाणं जवळजवळ चार तोळ्यांचं! शहापूरच्या सराफापुढे ठेवलं तर तो आधी तराजूच तपासेल. आपल्याकडचा होन साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे त्यातल्या एका नाण्यात तेराएक होन बसले असते. पण गंमत त्या ओझ्यातच होती. हजार नाणी म्हणजे शंभर पौंड. मग चिलखत उतरवायचं की सोनं मागे ठेवायचं?

आलेला पैसा जिरवायची सोयही होती. याच आवृत्तीच्या १९७९च्या नियमांत वरची पातळी गाठायला प्रशिक्षण घ्यावं लागे, आणि त्याची फी आठवड्याला पातळीमागे १,५०० नाणी. जाचक वाटतं खरं, पण त्यामुळे मंडळी पुन्हा भुयारात उतरायची.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याबद्दलचे एक्सपी ऐच्छिक झाले आणि नाणी हलकी झाली, पौंडाला पन्नास. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ते एक्सपी गेलेच, पण निदान जादूच्या वस्तू विकत घेता येत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने तोही बाजार जवळजवळ उठवला. नाणी मात्र तशीच राहिली. आमच्या शीटवर पडून असलेली ती हीच.

बाकीच्या खेळांनी वेगळ्या वाटा काढल्या. १९७७च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये अंतराळयान कर्जावर घ्यायचं, हप्ते ४८० महिने. ऊस लावून सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्याला तो ताण समजावून सांगायला नको. १९९१च्या 'व्हँपायर'ने तर मोजदादच सोडली: ऐपत किती, ते टिंबांत दाखवायचं.

आपल्या भागातली मोहीम रचायची तर मी कित्तूर घेईन. १८२४मध्ये इंग्रजांनी तिथलं दत्तकविधान नाकारलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने संस्थानच्या खजिन्याला सील ठोकून पहारा बसवला, आणि ऑक्टोबरातल्या लढाईत तो मारला गेला. त्या खजिन्यात नाणी किती, याने खेळात काडीचा फरक पडत नाही. सील कुणी फोडायचं, पहाऱ्यावरचा कुठला शिपाई फितवता येईल आणि डिसेंबरात इंग्रजांची फौज परत आली की माल कुठल्या वाड्यात दडवायचा, यावरच दोन-तीन बैठका रंगतील.