तीन देव की एक? ख्रिस्ती श्रद्धेच्या मागचा इतिहास, बेळगावच्या बाजूनं

नाताळ आला की अर्धं बेळगाव कॅम्पात लायटिंग बघायला जातं, चर्चमधला गोठा बघतं, फोटो काढतं, आणि परत येताना गाडीवर मागं बसलेला कुणीतरी विचारतोच, काय ओ, हे लोक येशूला देव म्हणतात, वर बाप देव वेगळा, परत पवित्र आत्मा पण आहे, म्हणजे तीन देव झाले की? आपल्यात ब्रह्मा विष्णू महेश तसंच असणार, असं म्हणून विषय तिथंच संपतो. पण तसं नाहीये, आणि हा प्रश्न काही बेळगावकरांना पहिल्यांदा पडलेला पण नाही. चर्चमधे सगळे उभं राहून जो मतांगीकार म्हणतात ना, म्हणजे आम्ही हे हे मानतो अशी कबुली, त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कधीतरी कुणालातरी दिलेलं उत्तर आहे. समोरचा काय म्हणत होता ते माहीत नसेल तर नुसतं पाठांतर वाटतं.

सुरुवातीचे ख्रिस्ती सगळे ज्यू होते. ज्यू माणूस रोज म्हणायचा की देव एकच आहे, मूर्ती नाही, दुसरा देव नाही, आणि ह्या बाबतीत ते लोक एकदम कडक. आणि हेच लोक येशूला प्रभू म्हणून त्याच्यापुढं गुडघे टेकायला लागले. इ. स. ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनिया प्रांताचा रोमन गव्हर्नर प्लिनी, त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहिलंय, त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. म्हणजे भक्ती आधी सुरू झाली, सिद्धांत नंतर आला. आपल्याकडं पण बहुतेक वेळा असंच होतं म्हणा.

मग साधारण ३१८ च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एरियस नावाच्या एका धर्मगुरूनं सरळ हिशोब मांडला. देव एक, त्याला सुरुवात नाही, मग पुत्र म्हणजे देवानं घडवलेला, सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यात मोठा, पण शेवटी घडवलेलाच. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं की एरियसचंच पटतं. लोकांना पण पटलं, खलाशी आणि कामगार गुणगुणतील अशी गाणी त्यानं केली होती आणि ती चालली पण. विरोधकांचा मुद्दा वेगळा होता, विशेषतः पुढं अलेक्झांड्रियाचा बिशप, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, झालेल्या अथनेशियसचा. तो म्हणायचा, जो स्वतः घडवलेला आहे तो माणसाला वाचवणार कसा? देव स्वतः आला नसेल, नुसता मोठा दूत आला असेल, तर माणूस आणि देव यातलं अंतर जिथल्या तिथंच राहिलं. म्हणजे वाद वरवर देवाबद्दल होता पण आतून तो माणसाबद्दल होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

सम्राट कॉन्स्टंटाइनला राज्यात भांडण नको होतं, त्यानं ३२५ ला नायसिया इथं बिशपांची परिषद बोलावली. तिथं ठरलं की पुत्र घडवलेला नाही, पित्याचं जे तत्त्व तेच त्याचं. २०२५ ला त्याला १७०० वर्षं झाली. पण परिषद झाली आणि वाद मिटला असं अजिबात झालं नाही, पुढची पन्नासेक वर्षं पारडं इकडून तिकडं होत राहिलं, नंतरचे काही सम्राट एरियसच्या बाजूचे निघाले आणि अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. कॉन्स्टंटिनोपलमधे तेव्हा काय वातावरण होतं ते न्यिसाचा बिशप ग्रेगरी यानं वैतागून सांगून ठेवलंय, सुट्टे पैसे मागितले तर दुकानदार पुत्र जन्मलेला की न जन्मलेला यावर बोलतो, पावाचा भाव विचारला तर बेकरीवाला पिता मोठा आणि पुत्र लहान म्हणून सांगतो. आपल्याकडं दाढी करायला बसलं तरी सीमाप्रश्न निघतो, तसला प्रकार. शेवटी ३८१ च्या परिषदेत पवित्र आत्म्याबद्दलचा भाग वाढवला आणि आज म्हणतात तो मतांगीकार जवळपास तयार झाला. ४५१ ला खल्केदोन इथं अजून एक ठरलं, की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा अर्धा नाही.

तर तीन देव नाहीत, एकाच देवत्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती, असं त्यांचं म्हणणं, ह्यालाच त्रैक्य म्हणतात. ब्रह्मा विष्णू महेशाशी तुलना का बसत नाही, तर उत्पत्ती एकाकडं, पालन दुसऱ्याकडं, संहार तिसऱ्याकडं अशी कामाची वाटणी त्यात नाही. जे करतात ते तिघं मिळून करतात. आणि एकच देव तीन वेळा तीन रूपं घेतो हे पण चर्चनं तिसऱ्या शतकातच नाकारलं होतं. अवघड आहे, मान्य. त्यांचेच फादर पण सांगतात की पूर्ण समजत नाही म्हणून.

आता सृष्टीचं बघू, इथं भांडण अजून जुनं आहे. बायबलच्या पहिल्याच पानावर देव बोलतो आणि जग होतं, सहा दिवसांत, सातव्या दिवशी विसावा. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा भाग इ. स. पू. सहाव्या शतकात, ज्यू लोक बाबिलोनमधे बंदिवासात होते त्या काळात आकाराला आला. बाबिलोनच्या कथेत देवांची लढाई होते, मारलेल्या देवीच्या शरीरातून आकाश पृथ्वी होतात, आणि दुसऱ्या एका मारलेल्या देवाच्या रक्तातून माणूस करतात, कशाला, तर देवांची कामं करायला. ह्याच्या शेजारी बायबलचं वाक्य ठेवून बघा, की देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला, नर आणि नारी असे केले. त्या काळात राजाला देवाचं रूप म्हणायची पद्धत होती, इथं ते सगळ्यांनाच लावून टाकलं. मला विचाराल तर अख्ख्या ख्रिस्ती विचारातली सगळ्यात धाडसी ओळ हीच आहे, त्रैक्य वगैरे नंतर.

पुढं दुसऱ्या शतकात ग्नॉस्टिक लोकांचे पंथ आले. त्यांचं म्हणणं हे जग, हे शरीर, ही माती सगळं एका खालच्या दर्जाच्या देवाचं काम, खरा देव फार वर, आणि सुटका म्हणजे ह्या शरीरातून सुटणं. मार्सियन नावाचा एक श्रीमंत जहाजवाला तर म्हणाला की जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातला, निर्माता देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, त्याला १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनं बाहेर काढलं. १८० च्या आसपास फ्रान्समधल्या लिऑनचा बिशप आयरेनियस यानं ह्या सगळ्यांना सविस्तर उत्तर लिहिलं. देव एकच, ज्यानं घडवलं त्यानंच वाचवलं, आणि माती वाईट नाही. मतांगीकारात पहिल्याच ओळीत आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता असं का येतं आणि शेवटी नुसता आत्मा अमर न म्हणता मेलेल्यांचं पुनरुत्थान का येतं, त्याचं मूळ इथं आहे. देवानं जग आधीच्या कुठल्या सामानातून केलं नाही, शून्यातून केलं, हा विचार पण ह्याच काळात पक्का झाला.

आमच्या भागात हे सगळं पोचलं ते दोन वेगवेगळ्या वाटांनी. पहिली वाट गोव्याची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचा माणूस, १५७९ ला गोव्यात आला आणि त्यानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला ते राशोलला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याचा पहिला भाग सृष्टीपासूनच सुरू होतो, स्वर्गाला तो बिनधास्त वैकुंठ म्हणतो. गोव्यातून घाट चढून आलेल्या कुटुंबांमुळं बेळगाव खानापूर पट्ट्यात कॅथलिक वस्ती वाढली, १९५३ ला बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जिल्ह्यातल्या देशनूर गावात तर जेझुइट फादरांनी भगवे कपडे घालून विरक्त मठच चालवला. काहींना तो प्रकार रुचला नाही, पण निर्मात्याला लिंगायत मुलखाच्या भाषेत सांगायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता असं मला वाटतं.

दुसरी वाट इंग्रजांच्या छावणीची. १८२० ला लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, शाळा काढल्या. आणि इथंच १८३१ ला बाबा पदमनजी जन्मले, यमुनापर्यटन ही कादंबरी लिहिणारे तेच, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ ला बाप्तिस्मा घेतला. त्या काळात मराठीत जे वाद रंगले, म्हणजे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ ला विष्णुबाबा ब्रह्मचारींनी मिशनऱ्यांशी घातले तसले, त्यात समोर ग्नॉस्टिक नव्हते, कर्म आणि पुनर्जन्म मानणारे लोक होते. त्यामुळं जोर बदलला. इथं मुख्य मुद्दा हा झाला की आत्मा परमेश्वराचा अंश नाही, तो घडवलेला आहे, आणि जन्म एकदाच. वेदान्त ऐकत वाढलेल्या माणसाला हे तीन देवांपेक्षा पण अवघड जातं. आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना सगळं लगेच पटलं असं पण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टरशी त्रैक्यावरून पत्रातून चांगलाच वाद घातला, बायबल मानते पण चर्चनं सांगितलं म्हणून मानणार नाही, असा त्यांचा पवित्रा. म्हणजे एरियसचा प्रश्न परत, फक्त पंधराशे वर्षांनी आणि एका मराठी बाईकडून.

राहिला माणसाचा स्वभाव. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे तर एवढा बिघडलेला का, ह्यावर आदाम हव्वेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या गोष्टीचा अर्थ सगळे सारखा लावत नाहीत. आयरेनियसच्या मते माणूस सुरुवातीला लहान मुलासारखा होता, कच्चा, वाढायचा होता आणि वाटेत घसरला. दोनशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला ऑगस्टिन आला आणि प्रकरण तापलं. पेलेजियस नावाचा एक संन्यासी म्हणत होता माणूस मनावर घेईल तर नीट वागू शकतो. ऑगस्टिन म्हणाला नाही, इच्छाच आजारी आहे, आणि आदामाचा दोष जन्मानंच प्रत्येकाकडं येतो. त्याचा एक पुरावा फार साधा होता, चर्च तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतं तो पापक्षमेसाठी, मग बाळानं काय पाप केलं? ४१८ ला कार्थेजच्या परिषदेत पेलेजियसचं मत फेटाळलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं मात्र दोष वारशानं येतो हे कधी तसं मानलं नाही, मरण वारशानं येतं म्हणतात. कॅथलिकांनी ट्रेंटच्या परिषदेत १५४६ ला सांगितलं की मूळ पाप आहे पण माणसाचा स्वभाव जखमी आहे, पूर्ण नासलेला नाही. कॅथलिकांपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट, त्यांतला सुधारक कॅल्विन, त्याच्या मागचे लोक ह्याहून कडक. आणि वेस्ली, ज्याच्या नावानं मेथडिस्ट चालतात, तो म्हणाला माणूस बिघडलेला आहे खरा पण देवाची कृपा प्रत्येकापाशी आधीच पोचलेली असते, तिला हो म्हणायचं की नाही ते माणसाच्या हातात. हे आमच्याकडं महत्त्वाचं कारण लंडन मिशनचं बेळगावातलं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेथडिस्टांकडं गेलं.

ऑगस्टिनचा तो बाळाचा प्रश्न अजून चालूच आहे. कॅथलिक आणि मेथडिस्ट घरांत बाळाला काही महिन्यांतच बाप्तिस्मा देतात, नव्या बिलिव्हर मंडळ्यांमधे मोठं होऊन स्वतः कबूल करेपर्यंत थांबतात आणि मग पूर्ण पाण्यात बुडवतात. एका घरात सासर कॅथलिक आणि माहेर बिलिव्हर असलं की बारशाच्या आधीच चर्चा सुरू होते, बाळाला पाणी आत्ता घालायचं की त्याला कळायला लागल्यावर, आणि दोन्ही आज्या बायबल उघडून बसतात.