उंचावरच्या जंगलात बी रुजावे म्हणून

उंच डोंगरांवरील स्प्रूस आणि फर वृक्षांच्या जंगलात पडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे उगवत नाहीत, तेव्हा दोष बऱ्याचदा बियांचा नसतो, तर त्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनीचा असतो. थंडीमुळे तेथे सुईसारख्या पानांचा पाचोळा फार सावकाश कुजतो आणि मातीवर त्याचा जाड, भुसभुशीत थर साचत जातो. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील एंगेलमान स्प्रूसच्या सुमारे 3 लाख बिया मिळून एक किलो भरतात. एवढ्याशा बीमध्ये अन्नसाठा तो कितीसा असणार? पाचोळ्यात ती रुजते खरी, पण काही दिवस कडक ऊन पडले की तो थर ठणठणीत कोरडा होतो आणि कोवळे मूळ खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचण्याआधीच रोप सुकते.

पाचोळा सारून खालची माती उघडी केली, तर बी थेट मातीला भिडते आणि तिला टिकाऊ ओल मिळते. मात्र सरसकट उघडी जमीनही घातकच ठरते. थंडीच्या रात्री मातीतील पाणी गोठून बर्फाच्या बारीक सुया वर वाढतात आणि रोपाला मातीसकट उचलतात. सकाळी बर्फ वितळल्यावर माती खाली बसते, पण रोप मात्र मुळे उघडी पडून आडवे झालेले दिसते. त्यामुळे उत्तर गोलार्धात पडलेल्या ओंडक्याच्या उत्तर बाजूची, सावलीतली, वीतभर उघडी माती मला सर्वांत मोलाची वाटते.

अशा जागा लहान आणि विखुरलेल्या असाव्यात, म्हणजे उतारावरची माती वाहून जात नाही. यंत्राने वरची सुपीक माती खरवडून टाकणे ही मोठी चूक आहे, कारण मुळांना साथ देणारी बुरशी आणि पोषकद्रव्ये बहुतांशी त्याच थरात असतात. वेळही तितकीच महत्त्वाची. या झाडांना दरवर्षी भरपूर बी धरत नाही, म्हणून शेंड्यावरचे शंकू, म्हणजे बी धरणारी खवलेदार बोंडे, पाहून, भरघोस बी येणार अशी खात्री पटल्यावर, बी गळण्यापूर्वीच जमीन तयार करावी. घाई केल्यास तीच जागा गवत बळकावते. शिवाय बहुतेक बी मातृवृक्षाच्या आसपासच पडते, तेव्हा त्याच्यापासून फार दूरची जमीन उकरण्यात श्रम घालवू नयेत.

त्यानंतरही चिकाटी लागते. एंगेलमान स्प्रूसचे जंगलातले पाच वर्षांचे रोप अनेकदा 10 सेंटिमीटरही उंच नसते. ते मोजायचे तर गुडघे टेकून, गवत हाताने बाजूला करूनच शोधावे लागते.