एअर पिस्तूल, जुनी : संग्रह आणि बदली ग्रिपा

हवेच्या दाबाने छर्रा मारणारी आणि आता बनत नसलेली पिस्तुलं जमवायचा छंद. यातला सगळ्यात कटकटीचा भाग म्हणजे मुठीवरच्या तुटक्या ग्रिपा मिळवणं किंवा करून घेणं, म्हणून नोंदीचा निम्माअधिक भाग त्यावरच आहे. जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ती लांब नळीची एअर रायफल, तिचा इथे संबंध नाही. 'विंटेज' कशाला म्हणायचं यावर एकमत नाही, काहीजण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचंच धरतात, काहीजण वेबली या ब्रिटिश कंपनीचा बर्मिंगहॅममधला कारखाना २००५ मध्ये बंद झाला तिथपर्यंतचं सगळं. इथे दुसरी, सैल व्याख्या घेतलीय, कारण पहिली घेतली तर वॉल्थर एलपी ५३ हे युद्धानंतरचं जर्मन पिस्तूल सुद्धा बाहेर राहतं आणि ते काही पटण्यासारखं नाही.

'पिस्तूल' हा शब्द आपल्याकडे बहुधा पोर्तुगीजांमार्फत आला, त्यांच्या 'पिस्तोला'वरून. पण मुळात युरोपात तो कुठून आला यावर जुना वाद आहे. एक मत असं की इटलीतल्या पिस्तोया गावावरून, तिथे हत्यारं बनायची म्हणून. दुसरं मत चेक भाषेतल्या 'पिश्तला' या शब्दाकडे बोट दाखवतं, त्याचा अर्थ शिट्टी किंवा पावा, आणि पंधराव्या शतकात चेक भूमीत झालेल्या हुसाइट या धर्मयुद्धांत हातात धरायच्या छोट्या नळीच्या बंदुकीला तो वापरत. पिस्तोयाची गोष्ट ऐकायला गोड आहे पण भाषेच्या अंगाने चेक मूळच जास्त पटतं. आणि नुसत्या हवेवर चालणाऱ्या पिस्तुलाला पाव्यावरून आलेलं नाव शोभतंही.

जमवणाऱ्यांची नजर सगळ्यात आधी वेबलीवर जाते. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीचं मार्क १ हे १९२४ मध्ये आलं, डिझाइन डग्लस जॉनस्टन आणि जॉन फर्न यांचं. नळी खालच्या सिलिंडरवर आडवी झोपलेली असते, मागची कडी सोडून नळी वर उचलून पुढे नेली की स्प्रिंग दाबली जाते, आणि चाप ओढला की पिस्टन पुढे न जाता उलटा, नेमबाजाच्या दिशेने येतो. त्यामुळे लांबीला आखूड असूनही नळी बरीच लांब मिळते. पुढे ज्युनियर १९२९, सीनियर १९३०, प्रीमियर १९६४, हरिकेन १९७५, टेम्पेस्ट १९७९. जर्मन बाजूला रास्टाट गावच्या डायना कंपनीचं मॉडेल ५ साधं स्प्रिंगचं आणि मॉडेल ६ हे गिस पद्धतीचं, म्हणजे दोन पिस्टन एकमेकांविरुद्ध पळतात आणि धक्का जागच्या जागी मरतो. फाइनवेर्कबाउ या दुसऱ्या जर्मन कंपनीचं मॉडेल ६५ हे निखळ स्पर्धेचं पिस्तूल. १० मीटर एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये १९८८ ला सोलला आलं, पण तोवर स्प्रिंगवाल्यांचा जमाना सरत आलेला होता. वॉल्थर एलपी ५३ ची कीर्ती मात्र नेमबाजीमुळे कमी आणि शॉन कॉनरीमुळे जास्त, बाँडच्या पोस्टरचे फोटो काढायच्या दिवशी खरं पिस्तूल हाताशी नव्हतं म्हणून फोटोग्राफर डेव्हिड हर्नने आपलं एअर पिस्तूल त्याच्या हातात दिलं, आणि तेच २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडाला गेलं. बाकीच्या एलपी ५३ वाल्यांनी यावरून आपल्या किमती ठरवू नयेत.

ग्रिप म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांना स्क्रूने बसवलेली पानं. स्प्रिंगच्या पिस्तुलात प्रत्येक बार उडाला की दणका बसतो, स्क्रू ढिला होतो, माणूस तो पुन्हा आवळतो, जरा जास्तच आवळतो, आणि स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. जुन्या पिस्तुलांत याच ठिकाणी तडा का दिसतो त्याचं कारण एवढंच आहे.

वेबलीच्या ग्रिपा कुठल्या काळात कशाच्या होत्या हा जाणकारांचा आवडता विषय. ढोबळ क्रम असा की सुरुवातीच्या मार्क १ ला चौकडी कोरलेली अक्रोडाची लाकडी ग्रिप, मग काळं व्हल्कनाइट (कडक रबर), मग बेकेलाइट (जुन्या काळचं कडक प्लास्टिक), शेवटी टेम्पेस्टच्या काळात साधं मोल्डिंगचं प्लास्टिक. युद्धापूर्वीच्या ज्युनियरला तर दाबून काढलेल्या पत्र्याची ग्रिप मिळते. ग्रिपवरून पिस्तुलाचं साल सांगणारे बरेच आहेत, पण हे काम जपून करावं, कारण ग्रिपा अदलाबदल झालेल्या असतात आणि मग पिस्तुलावरून ग्रिपचं साल आणि ग्रिपवरून पिस्तुलाचं असं वर्तुळ होतं. पिस्तुलावरचा नंबर आणि नळीवर कोरलेला पेटंटचा मजकूर हा जास्त भरवशाचा पुरावा. शिवाय आधीच्या वेबलींची मूठ जवळजवळ सरळ, नंतरच्यांची तिरकी, त्यामुळे एकाची ग्रिप दुसऱ्याला बसतच नाही, नाव एकच असलं तरी.

व्हल्कनाइट की बेकेलाइट हे नाकाने कळतं. अंगठ्याने जोरात चोळून गरम झालं की व्हल्कनाइटला गंधकाचा वास येतो, कारण ते गंधक घालून कडक केलेलं रबरच. बेकेलाइटला जुन्या दवाखान्यात यायचा तसला फिनेलचा वास. व्हल्कनाइट उन्हाने तपकिरी-हिरवट पडतं आणि गरम पाण्यात बुडवलं तर आणखीच, म्हणून 'कोमट पाण्यात धू' हा सल्ला देणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

आता नवी ग्रिप करून घ्यायला सांगली-मिरजेकडे यायचं कारण. मिरजेतले सतार-तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारे आणि धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, संस्थानाच्या काळात हत्यारांची मागणी आटली तेव्हा ही मंडळी वाद्यांकडे वळली असं मानतात. त्यात फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव घेतात. साल १८५० सांगितलं जातं, ते सुमाराचं समजावं, एका वर्षात कोणी धंदा बदलत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हत्याराकडून लाकडाकडे गेलेला हा हात पिस्तुलाच्या ग्रिपला अगदी योग्य, फक्त लाकूड त्यांच्या सवयीचं घेऊ नये. सतारीला वापरतात तो तून हलका आणि मऊ, चौकडी कोरायला गेलं की कंगोरे उडतात. शिसव घ्यावा. सागवान दिसायला बरा पण तेलकट, चिकटवायला त्रास.

नमुना देताना दोन्ही पानं द्यावीत, डावं-उजवं आरशातल्यासारखं सारखं असेलच असं नाही, आतल्या खाचाही वेगळ्या असतात. एकच पान शिल्लक असेल तर मग ओतकाम. गणपतीचे मूर्तिकार करतात तसा रबरी साचा काढून त्यात काळा रंग मिसळलेलं रेझिन ओतायचं, रेझिन किंचित आकसतं म्हणून भोकं शेवटी पाडावीत. नुसता टवका उडाला असेल तर दाताच्या कवळीला वापरतात ती ॲक्रिलिकची पावडर आणि लिक्विड काजळी घालून भरता येते, आणि मिरजेत दाताच्या डॉक्टरांना तोटा नाही. थ्री-डी प्रिंटची ग्रिप बसते चांगली पण हाताला खेळण्यातली लागते, हे वैयक्तिक मत. स्क्रूची अडचण वेगळीच, ब्रिटिश पिस्तुलाचे आटे बहुधा मेट्रिक नसतात, बाजारातला जवळपासचा स्क्रू जबरदस्तीने फिरवला की फ्रेमचेच आटे जातात. त्यापेक्षा कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडून एक स्क्रू करून घेतलेला परवडतो.

कृष्णेच्या पुरात, म्हणजे २००५, २०१९, २०२१, पाण्याखाली राहिलेल्या ट्रंकेतलं पिस्तूल हाती आलं तर ग्रिपचा स्क्रू लगेच फिरवू नये, आधी तेल दोन दिवस मुरू द्यावं. चामडी वायसर असेल तर ती बदलावीच लागते.

कायद्याचं थोडक्यात असं की २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळी ०.१७७ इंचापेक्षा म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठी किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलांची ताकद याच्या खूपच खाली, त्यामुळे प्रश्न नळीचा. वेबली .२२ इंची नळीतही बनायची, आणि आजोबांची म्हणून वाड्यात सापडलेली .२२ असेल तर ग्रिपचं बघायच्या आधी कागदांचं बघावं लागतं.

बदली ग्रिप बसवल्यावर मूळ तुटकी टाकून देऊ नये, विकताना दोन्ही सोबत द्यायची पद्धत आहे. नवीच्या आतल्या बाजूला साल आणि लाकडाचं नाव पेन्सिलीने लिहितात, शाईने नाही, शाई शिसवात मुरून कडेला येते.