गोडं पिंप, खारं पिंप: टँकमध्ये भर घालणं आणि पाणी बदलणं

खाऱ्या पाण्याचा फिशटँक सांभाळताना दोन कामं सारखी करावी लागतात, आणि लांबून पाहणाऱ्याला ती एकच वाटतात: बादली उचलायची, टँकमध्ये पाणी ओतायचं. यातलं पहिलं काम म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भर घालणं. दुसरं म्हणजे टँकमधलं थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालणं. पहिल्याला गोडं पाणी लागतं, दुसऱ्याला खारं. नवखे लोक दोन्ही बाजूंनी गल्लत करतात. कोणी रोज खारं पाणी भरत राहतं, तर कोणी पाणी बदलायच्या दिवशी प्युरिफायरचं गोडं पाणी ओततं. ड्राय बाल्कनीत किंवा पॅसेजच्या कोपऱ्यात मीठपाणी तयार करायची जागा मांडायची असेल, तर पंप कोणता आणि मीठ कोणतं हे नंतर ठरवता येईल. आधी हा फरक पक्का हवा, कारण पिंपं किती, कुठलं वर, नळ कुठे, हे सगळं त्यावरच ठरतं.

टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. मीठ मागेच राहतं. गॅसवर आटलेल्या आमटीत आपण पाणी वाढवतो, मीठ पुन्हा घालत नाही, तसंच हे. तरी टँकसमोर उभं राहिलं की डोक्यात वेगळाच विचार येतो: आत खारं पाणी आहे, मग वरून गोडं कसं चालेल?

थोडा हिशोब करू. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५ पीपीटी. शंभर लिटरच्या टँकमध्ये ढोबळ मानाने साडेतीन किलो मीठ झालं. रोज एक लिटर पाणी उडतं असं धरा. त्या जागी रोज एक लिटर खारं पाणी घातलं, तर दररोज ३५ ग्रॅम मीठ जादा येतं. दोन आठवड्यांत ते ४९० ग्रॅम होतं आणि खारटपणा ३५ वरून जवळजवळ ४० वर पोचतो. पाण्याची पातळी मात्र रोज जागच्या जागी, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. मासे थोडे दिवस तग धरतात. कोळंबी, गोगलगायी, स्टारफिश आणि कोरल यांचं शरीर एवढा फरक रिचवू शकत नाही.

उलटी चूक जास्त झटकन अंगाशी येते. टँकमधून दहा लिटर खारं पाणी काढलं आणि दहा लिटर गोडं घातलं, की ३५ चे थेट ३१.५ होतात. पहिल्या चुकीला दोन आठवडे लागले, हिला पाच मिनिटं पुरतात.

किती पाणी उडेल हे ऋतूवर आणि गावावर ठरतं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पातळी भराभर उतरते. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, ती रेंगाळते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) महाग पडतो म्हणून आपल्याकडे बरेच जण पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावतात. पाणी थंड होतं ते वाफेमुळेच, म्हणजे जितका गारवा तितकी जास्त भर. म्हणून ‘रोज दोन तांबे’ असं माप ठरवून ठेवण्यात अर्थ नाही. टँकच्या काचेवर, किंवा खाली संप, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी, असेल तर त्याच्या पंपाच्या कप्प्यावर, मार्करने रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं तेवढंच भरा.

आता गोडं पाणी म्हणजे कुठलं, हा खरा अडचणीचा प्रश्न. ‘घरात आरओ आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. स्वयंपाकघरातला प्युरिफायर पिण्यासाठी बनवलेला असतो. पाणी अगदी सपक लागू नये म्हणून त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) जुळवणारा कंट्रोलर किंवा खनिजं परत घालणारं काडतूस असतं. मेंब्रेनने (आरओच्या गाळणाऱ्या पडद्याने) काढलेलं पुढच्या टप्प्यात थोडं परत येतं, आणि नळाला टीडीएस ५०, ८०, १०० असा काहीही मिळतो. पिण्यासाठी उत्तम. टँकसाठी शून्य हवा, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा आणखी एक टप्पा.

एवढा हट्ट कशासाठी? कारण पुन्हा तेच: वाफ होते ती फक्त पाण्याची. टीडीएस १०० चं पाणी रोज लिटरभर घातलं, तर वर्षभरात ३६ ग्रॅमहून जास्त भलतंसलतं टँकमध्ये येतं. पाणी बदलताना त्यातलं काही बाहेर जातं, पण भर रोजची असते. त्या ३६ ग्रॅममध्ये फॉस्फेट, सिलिकेट, नायट्रेट असेल तर काचेवर तपकिरी थर आणि दगडांवर हिरवं शेवाळ ठरलेलंच. तांबं असेल तर कोळंबी जाईल. पाणी बदलायच्या पाण्यापेक्षा भर घालायच्या पाण्याच्या शुद्धतेवर मी जास्त जोर देतो तो यासाठी. लोक नेमकं उलटं करतात: मिठावर हजारो रुपये खर्च करतात आणि भर घालायला पिण्याची कळशी उचलतात.

आरओ बसवताना दाबाचं भान ठेवा. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली असाल तर नळाला जेमतेम एक बार दाब मिळतो. मेंब्रेनला साधारण चार बार लागतात. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तर अर्धाच बार मिळेल. तेव्हा बूस्टर पंप हवाच. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) मेंब्रेन कागदावर तासाला बारा लिटरच्या आसपास पाणी देतं, प्रत्यक्षात त्याहून कमी. धरणाचं पाणी येणाऱ्या सोसायटीत रेझिन बरेच महिने चालतं. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर लवकर संपतं. शुद्ध पाण्याच्या कितीतरी पट पाणी वाया जाणाऱ्या नळीतून निघतं. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला बाजूच्या बादलीत धरा.

मिठाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘समुद्राचंच मीठ ना, मग खडे मीठ का नको?’ असं विचारणारे दर महिन्याला भेटतात. उरण-पेणच्या मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, नंतर साधं मीठ पडतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम बरंचसं उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. गोळा होतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. टँकसाठी मिळणाऱ्या मिठात ते सगळं परत घातलेलं असतं. पैसे त्याचे द्यायचे. किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा विचार मुंबईत करूच नका: सांडपाणी आहेच, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारटपणाही उतरतो.

मीठ मिसळायचा क्रम मात्र ठाम आहे. आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर तळाशी काही काळ फार दाट द्रावण होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढरा साका होऊन बसतं. तो साका पुन्हा विरघळत नाही. लिटरला साधारण ३६ ते ३९ ग्रॅम मीठ लागतं, ब्रँडप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे कमीजास्त. पोतं एकदा उघडलं की पावसाळी हवेत मीठ दगड होतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या. पाणी काही तास फिरू द्या, स्वच्छ दिसलं आणि तापमान टँकइतकं झालं की मोजा, मगच वापरा. काही मिठं तयार केल्यावर चार-पाच तासांतच वापरायला सांगतात, त्यामुळे डब्यावरची सूचना वाचा.

आता मांडणी. जागा कमी असेल तर पिंपं शेजारी ठेवण्यापेक्षा एकावर एक ठेवावीत: गोडं वर, खारं खाली. वरचा नळ उघडला की गोडं पाणी आपोआप खालच्या पिंपात उतरतं, पंप लागत नाही. खालच्या पिंपात एक छोटा पंप सोडायचा. तोच मीठ ढवळतो, आणि नळी लावली की तोच टँकपर्यंत पाणी पोचवतो. मिठाचं ओझंही उंच उचलावं लागत नाही.

गोडं पिंप मोठं हवं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शंभर लिटरच्या टँकला आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी बदलायचं तर खारं तेवढंच लागतं. गोडं मात्र त्या पंधरा लिटरला लागतं आणि आठवडाभराच्या भरीलाही. खाली वीस लिटर, वर पस्तीस, एवढ्यात काम भागतं. पण वजनाकडे पाहा: भरल्यावर पंचावन्न-साठ किलो होतं, त्यातलं जास्त वर. पिंपावर पिंप ठेवू नका. लोखंडी अँगलचं रॅक घ्या, भिंतीला अडकवा, आणि बाल्कनीच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला टेकवून ठेवा. पिंपं नवीन, अन्न साठवायच्या दर्जाची घ्या. भंगारवाल्याकडची निळी पिंपं स्वस्त मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते कोणी सांगत नाही.

आरओची नळी वरच्या पिंपात येते तिथे फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, गच्चीच्या टाकीत बॉल असतो तसाच पण छोटा. सोबत आरओला ऑटो शट-ऑफ हवा, नाहीतर शुद्ध पाणी थांबलं तरी वाया जाणारं वाहतच राहतं. खालच्या पिंपाला फ्लोट कधीही लावू नका. खारं पाणी वापराल तसतसा तो गोडं पाणी आत घेईल आणि उरलेलं मिश्रण पातळ होत जाईल. खालच्या पिंपात पाणी हाताने सोडायचं, मोजून.

नळ दोन्हीकडे प्लास्टिकचे घ्या. हार्डवेअरवाला पितळी नळ पुढे करेल, टिकाऊ आहे म्हणून. पितळेत तांबं असतं. ते खाऱ्या पाण्यात उतरतं, आणि बिनकण्याच्या जिवांना थोडंही तांबं विषारी ठरतं. शून्य टीडीएसचं पाणीही धातू खातं, म्हणून वरच्या नळालाही हाच नियम. विजेचा बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा वर, वायर आधी खाली लोंबून मग बोर्डाकडे वर गेलेली, आणि सर्किटला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच). मीठपाण्याचे थेंब वाळून पांढरी बुरशी आल्यासारखे सगळीकडे चढतात, प्लगवर तर आधी.

मोजायची साधनंही दोन, आणि त्यांचीही अदलाबदल होते. टीडीएस मीटर फक्त वरच्या पिंपासाठी. स्वस्त पेनसारखे मीटर नऊ-दहा हजारांपर्यंतच मोजतात. समुद्राचं पाणी पस्तीस हजारांच्या घरात, त्यात बुडवलं तर निरर्थक आकडा किंवा एरर येणार. खालच्या पिंपाला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारटपणा दाखवणारं साधन. त्यावर ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. बाजारातले कित्येक रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला एक-दीड पीपीटी चुकीचं दाखवतात. म्हणून आरओच्या पाण्याने शून्यावर आणून थांबू नका, ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या.

कोरल ठेवणारे काही जण भरीच्या पाण्यातच कॅल्शियम देतात. त्याचं भारदस्त नाव काहीही असो, आहे ती चुन्याची निवळी. ती गोड्या पाण्यातच करायची. खाऱ्या पिंपात चुना टाकला तर सगळा साका तळाला बसेल. पानाच्या टपरीवरचा चुना वापरू नका, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. आणि निवळी दाहक असते, टँकमध्ये थेंबाथेंबाने सोडायची, शक्यतो रात्री.

वरच्या पिंपाचं झाकण नीट बसवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी पिंपं तपासतात. नळी जिथून आत येते तिथली फटही जाळीने बंद करा.

भर आपोआप घालणारं यंत्र घ्यावं की नाही? घ्या, पण त्याला वरच्या मोठ्या पिंपाशी थेट जोडू नका. सेन्सर कधीतरी अडकतोच. टँकशेजारी दहा लिटरचा वेगळा कॅन ठेवा आणि यंत्र त्यातून पाणी घेऊ द्या. सगळा कॅन एकदम ओतला गेला तरी शंभर लिटरच्या टँकचा खारटपणा ३५ वरून ३२ च्या जरा खाली येतो. वाईट आहे, पण सावरता येतं. पस्तीस लिटर गेलं असतं तर २६ झाला असता, आणि हॉलमध्ये पाणी झालं असतं ते वेगळंच.

गणपतीला आठवडाभर गावी जाताना हा फरक पुन्हा उपयोगी पडतो. पाणी बदलणं आठवडा-दोन आठवडे लांबलं तर सरळ चाललेल्या टँकचं काही बिघडत नाही. भर मात्र थांबत नाही. यंत्र नसेल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या, काचेवरची रेघ दाखवा, वरचा नळ दाखवा. खालच्या पंपाचा प्लग काढून ठेवा आणि त्या पिंपाच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘हे नको’.