भूयोदर्शन

भूयोदर्शन : दोन गोष्टी एकत्र असल्याचे वारंवार पाहणे. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानतात. त्यांतल्या अनुमानाचा पाया म्हणजे व्याप्ती, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ असा नियम. तो कळतो कसा, याचे जुने उत्तर भूयोदर्शन. स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र दिसतात, तळ्यात दोन्ही नसतात. असे पाहता पाहता संबंध मनात पक्का होतो.

केवळ प्रत्यक्षच मानणाऱ्या चार्वाकांना हे पटले नाही. पाहिला तो धूर पाहिला, न पाहिलेल्याची हमी कोण देणार, हा त्यांचा आक्षेप. नैयायिक अन्नंभट्टानेही (सतरावे शतक) तर्कसंग्रह या आपल्याच ग्रंथावरील दीपिका या टीकेत नुसत्या संख्येवर भरवसा ठेवलेला नाही. पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या, वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शंभरदा पाहिले, तरी हिऱ्यापाशी, तो पार्थिव असूनही, नियम मोडतो. म्हणजे साहचर्य दिसावे तसा अपवाद न दिसणेही हवे, आणि आड दडलेली अट, म्हणजे उपाधी, हुडकायला हवी. तापलेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असून धूर नसतो; धुराला ओले सरपणही लागते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ग्रंथांतल्या धुरापेक्षा बोलकी आहेत. कृष्णा-वारणा संगमावरच्या या गावात जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवीत. इथल्या मातीत ओल झिरपत नाही, तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही आणि हळदीला कीड लागत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही, हीदेखील अनुभवाचीच शिकवण. कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, गुदमरून जीव जाऊ शकतो.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि हळदीची मोठी नासाडी झाली. ‘पेवातली हळद टिकते’ या नियमात पुराचे पाणी न पोचण्याची अट दडलेली होती, ती अशी उघडी पडली. जुना अनुभव खोटा ठरला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मातीचा गुण होता तोच होता. त्यानंतर साठवण गोदामे व शीतगृहांकडे वळली. २०१९ चा पूर तर त्याहून चढला. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात : ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. हरिपुरात पेव भरायचे तर मातीइतकाच हा आकडाही पाहावा लागतो.